वेग पुढच्या गुडघ्यातून गळतो

डिचोलीच्या एका सतरा वर्षांच्या मुलाने विचारलंय: "सर, माझी उंची पाच फूट आठ इंच, वजन 61 किलो, उजव्या हाताने टाकतो. टेनिस बॉलच्या स्पर्धांत मला सगळे फास्ट म्हणून ओळखतात, पण लेदर बॉलवर ट्रायल दिली तेव्हा स्पीड गनवर ताशी 113 किलोमीटरच्या वर गेलो नाही. मग स्टार्ट, म्हणजे रन-अप, वाढवून पंचवीस पावलांचा केला, जिम लावली, छाती-खांदे भरले, तरी वेग तिथेच. आता घरचे आणि टीममधले म्हणतात, उंची नाही तर स्पिन टाक. काय करू?" सोबत त्याने मोबाइलवर काढलेले तीन व्हिडिओ आहेत.

आधी तुझा शेवटचा प्रश्न घेतो. स्पिन आवडत असेल तर खुशाल टाक, उंचीचं कारण सांगून मात्र टाकू नकोस. रमाकांत देसाई साडेपाच फुटांच्या आतले. त्यांनी भारताकडून नवा चेंडू घेऊन 28 कसोट्यांत 74 बळी काढले. वेस्ट इंडिजच्या माल्कम मार्शलची उंची सहा फूटही नव्हती, आणि त्याच्या बाउन्सरला सगळं जग घाबरायचं. उंच बोलरला उसळी जास्त मिळते, हे खरं. वेगाचं गणित वेगळं आहे, आणि तुझा वेग कुठे जातो ते तुझ्या तिसऱ्या व्हिडिओत दिसतं.

तो व्हिडिओ मी एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. तुझा डावा पाय क्रीजवर पडतो तेव्हा टाच आधी टेकते आणि पाय जवळजवळ सरळ असतो. इथपर्यंत उत्तम. पुढच्या तीन-चार फ्रेममध्ये गुडघा वाकायला लागतो, आणि चेंडू हातातून सुटेपर्यंत तू पाटावर बसायला निघाल्यासारखा दिसतोस. डोकं डावीकडे कलंडतं, तळपाय पुढे घसरतो. तुझ्या पाठीमागे जी तांबडी जमीन दिसते तिच्यावर तुझ्या डाव्या पायाची चांगली दीड वीत लांब फरफट उमटली आहे. पायाने जमीन धरली असती तर तिथे टाचेचा खोल खड्डा पडला असता.

म्हापसा-पणजी कदंब बसमध्ये तू उभ्याने प्रवास केला असशीलच. ड्रायव्हर हळूहळू ब्रेक दाबतो तेव्हा आपण नुसते डुलतो. करकचून दाबतो तेव्हा पाय जागच्या जागी राहतात आणि छाती पुढच्या माणसावर जाऊन आदळते. फास्ट बोलिंगमध्ये तो करकचून ब्रेक म्हणजे तुझा पुढचा पाय. पळत आणलेला वेग पायाशी एकदम थांबला की तो वर चढतो: कमरेत, छातीत, खांद्यात, मनगटात आणि शेवटी चेंडूत. गुडघा वाकला की ब्रेक हळू लागतो, आणि पंचवीस पावलं पळून कमावलेला वेग त्या गुडघ्यातून जमिनीत जिरतो. म्हणून स्टार्ट वाढवून तुला काही मिळालं नाही. भोक पडलेल्या कळशीत तू जास्त पाणी ओतत होतास.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात वीस चांगल्या वेगवान गोलंदाजांच्या ॲक्शनची मोजमापं घेतली गेली. बोलरा-बोलरांमधल्या वेगाच्या फरकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग चार गोष्टींनी उलगडला. रन-अपचा वेग, पुढचा गुडघा किती सरळ राहतो, पाय पडल्यापासून चेंडू सुटेपर्यंत छाती किती पुढे झुकते, आणि पाय पडताना चेंडूचा हात किती मागे राहिलेला असतो. या यादीत खांद्याच्या स्नायूंचा घेर नाही. बेंच प्रेस करून तू ताकद कमावलीस, फक्त ती लागते तिथली नाही.

आता गुडघा का वाकतो ते बघ. वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट भार येतो. तुझ्या 61 किलोवर हे साडेतीनशे किलोच्या घरात जातं, तेही एका पायावर. एवढं पेलायची सवय नसेल तर शरीर स्वतःला वाचवण्यासाठी गुडघा दुमडतं. तुझ्या बाबतीत अजून एक कारण मला दिसतं. तू लहानपणापासून भातकापणी झालेल्या मळ्यात, स्पाइक नसलेल्या बुटांनी, कधी अनवाणी टाकत आलास. तिथे पाय जोरात रोवला तर सटकतो आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून तुझ्या शरीराने हळुवार उतरायला शिकून घेतलंय. साधा टेनिस बॉल साठ ग्रॅमच्या आतला असतो, तो हाताच्या झटक्यावरही वेगात जातो. लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा. त्याला नुसता झटका पुरत नाही, त्याच्यामागे अख्खं अंग लागतं. मळ्यातले आपले कितीतरी वाघ लेदर बॉल हातात आला की असेच थंडावतात. मुलं निराश होऊन सोडून देतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण यांतल्या बऱ्याच जणांना फक्त पाय रोवायला शिकवायचं राहिलेलं असतं.

टेनिस बॉलवर वाढलेला मुलगा उशिरा लेदर बॉलकडे वळून कुठवर जाऊ शकतो ते उमेश यादवकडे बघ. वडील नागपूरजवळच्या कोळसा खाणीत कामाला, पोरगा विशीपर्यंत टेनिस बॉल टाकणारा. 2008 मध्ये विदर्भाकडून रणजी, आणि 2011 मध्ये कसोटी. विदर्भातून कसोटी खेळणारा तो पहिला. तू सतरा वर्षांचा आहेस. उशीर झालेला नाही.

आता काम. घराजवळ जांभ्याचा चिरा सहज मिळेल. तो सपाट जागी पक्का बसव आणि त्यावर उभा राहा. पुढे पाऊल टाकून डाव्या टाचेवर उतर, लगेच तळपाय टेकव, गुडघा सरळ ठेव आणि दोन आकडे मोजेपर्यंत हलू नकोस. सरळ म्हणजे मागच्या बाजूला मोडलेला नव्हे. मांडी घट्ट आवळलेली हवी. कंबर डावीकडे ढळली तर ते उतरणं धरायचं नाही. सहा-सहाचे तीन सेट, एक दिवसाआड. हा एवढा साधा प्रकार आहे की मुलं दोन दिवसांत कंटाळतात. तू कंटाळू नकोस. दोन आठवड्यांनी हातात चेंडू घेऊन तेच कर.

त्याच काळात नेटमध्ये उभ्याने टाकायला सुरुवात कर. बोलिंग करताना पाय जिथे पडतात तसे आधीच ठेवायचे, वजन मागच्या पायावर घ्यायचं, झोका घेऊन पुढचा पाय जमिनीत दाबायचा आणि त्याच्यावरून छाती ओढून टाकायचा. बारा चेंडू पुरे. चेंडू कुठे जातो ते बघू नकोस, गुडघ्याच्या मागची शीर ताणली जाते का ते बघ. ते जमलं की तीन पावलं चालत, मग पाच पावलं हळू पळत, मग अर्धा स्टार्ट. प्रत्येक पायरीला दहा-पंधरा दिवस दे. या काळात तुझा टप्पा आखूड पडेल, वाइड जातील, कदाचित वेगही दोन-चार किलोमीटरने घसरेल. छाती आता जोरात पुढे येते आणि चेंडू सोडायची जुनी वेळ चुकते, म्हणून तसं होतं. बरेच जण नेमके याच टप्प्यावर घाबरून जुन्या ॲक्शनवर परत जातात. म्हणून हे काम सीझनच्या मध्ये करायचं नाही. कधी करायचं ते पुढे सांगतो.

पावलाची लांबीही बघ. शेवटची उडी तू वरच्या दिशेने मारतोस आणि मग डावा पाय लांब फेकतोस. वर गेलेला वेग फलंदाजाकडे जात नाही. उडी बुटकी ठेव आणि शेवटचं पाऊल एक बूट आखूड कर. पाय शरीरापासून फार लांब पडला की कितीही ताकद असली तरी गुडघा सरळ राहत नाही.

स्टार्ट सोळा-सतरा पावलांवर आण. तो मोजायची माझी पद्धत अशी: क्रीजवरून उलट्या दिशेने, डोळे समोर ठेवून, मोजायचं नाही असं ठरवून पळत सुटायचं, आणि मनाला येईल तिथे उडी मारून टाकायचा. मित्राने उडीच्या जागी खूण करायची. असं आठ वेळा कर. पाच-सहा खुणा एका हाताच्या अंतरात येतील. तोच तुझा स्टार्ट. पहिली चार पावलं सावकाश, मग वाढत जा, आणि उडीच्या आधी पूर्ण जोराच्या थोडं आत राहा. एकदम सुसाट आलास तर पुढच्या पायाला तो वेग थांबवता येणार नाही. बुमराह काही पावलं चालल्यासारखा येतो आणि 140 टाकतो म्हणून त्याचा स्टार्ट उचलू नकोस. त्याचं कोपर जन्मतःच मागे जास्त वळतं आणि पुढचा पाय काठीसारखा ताठ पडतो. त्यातली ताठ पायाची गोष्ट तेवढी उचल.

हाताचं सांगायचं तर, मांडवीत पाग टाकणाऱ्या माणसाला एकदा नीट बघ. पाय रोवलेले, आधी कंबर फिरते, मग छाती, मग खांदा, आणि जाळं धरलेला हात सगळ्यात शेवटी येतो. हात घाईने आधी आला तर जाळं उघडतच नाही, गोळा होऊन पाण्यात पडतं. तुझा हात घाई करतो. डावा पाय जमिनीला लागतो तेव्हा तुझा चेंडू डोक्याच्या वर येऊन थांबलेला असतो. तो तेव्हा मागे, कमरेच्या आसपास हवा. हात मुद्दाम मागे ठेवायचा प्रयत्न केलास तर ॲक्शन आखडेल. त्यापेक्षा डावा हात उंच आणि लांब समोर ने, आणि पाय पडला की त्याचं कोपर जोरात बरगडीकडे ओढ. उजवा हात आपोआप मागे राहतो आणि नंतर झपकन येतो. टेनिस बॉलवर कोपर वाकवून फेकायची सवय लागली असेल तर आत्ताच काढ. कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की नियमात तो फेकी बॉल ठरतो.

आता पाठीबद्दल. हे मी पोटतिडकीने लिहितोय, दोनदा वाच.

तुझ्या पहिल्या व्हिडिओत मागचा पाय क्रीजला समांतर पडतो, म्हणजे कंबर आडवी. खांदे मात्र फलंदाजाकडे उघडलेले. मग चेंडू टाकण्याआधी खांदे पुन्हा मागे वळतात. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, आणि मधे पाठीचा कणा कपडे पिळावेत तसा पिळला जातो. याला मिक्स ॲक्शन म्हणतात, आणि कमरेच्या मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. उजव्या हाताच्या बोलरला तो बहुतेक वेळा डाव्या बाजूला जातो.

मला तो एकोणिसाव्या वर्षी गेला. म्हापशात खेळायचो तेव्हा. कण्यापासून दोन बोटं डावीकडे, एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दुखायचं. टाकताना दुखे, रात्री झोपलं की बरं वाटे, म्हणून मी टाकत राहिलो. तेव्हाचे माझे प्रशिक्षक म्हणाले, तेल लाव, शेक घे, वेगवान गोलंदाजाची पाठ दुखतेच. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, तेव्हा मलाही वाटलं आपण नाटक करतोय. तीन महिन्यांनी एमआरआय केला आणि पाचव्या मणक्याचा तडा दिसला. सात महिने चेंडू हातात घेतला नाही. परत आलो, पण तो पहिला वेग पुन्हा कधी मिळाला नाही. तेव्हा कोणी मला एका पायावर उभं राहून मागे वाकायला लावलं असतं तरी कळलं असतं. तू आजच करून बघ. आधी डाव्या, मग उजव्या पायावर उभा राहा आणि सावकाश मागे वाक. कमरेत एका बाजूला टोचलं तर त्या दिवसापासून बोलिंग बंद, आणि खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून परत टाकायला लागू नकोस. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याची पाठ 1973 मध्ये अशीच मोडली होती. तो ॲक्शन सुधारून परतला, आणि त्यानेच 1987 पासून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये आपल्या मुलांना घडवलं.

तुझ्यासाठी सोपा उपाय: मागचा पाय थोडा फलंदाजाकडे वळवून पडू दे. खांदे उघडेच राहू देत. दोन्ही एका दिशेला आले की पिळा सुटतो. फलंदाजाकडे तोंड करून टाकणाऱ्यालाही वेग मिळतो, मार्शल तसाच टाकायचा.

किती टाकायचं? इंग्लंडमध्ये तुझ्या वयाच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये सात आणि दिवसाला अठरा षटकांच्या वर टाकू देत नाहीत. आपल्याकडे शनिवारी लीग, रविवारी सकाळी गावची टेनिस स्पर्धा, संध्याकाळी शेजारच्या वाड्याची फायनल, आणि बक्षिसाला बोकड लागलेला. टेनिस बॉलचे चेंडूही हिशोबात धर. पायावर आणि पाठीवर भार तोच येतो. वहीत रोजचे चेंडू लिही, आणि या आठवड्याचा आकडा मागच्या आठवड्यापेक्षा एकदम उडी मारणार नाही हे बघ.

आपल्या गोव्याच्या पावसाचा इथे मोठा फायदा आहे. जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात, तेव्हा ॲक्शन बदलायला आणि पाय कमवायला चार महिने मोकळे मिळतात. जून-जुलैमध्ये आठवड्यातून तीन दिवस ताकदीचं काम: डेडलिफ्ट, स्क्वॉट, एका पायावरची बैठक, पोटऱ्या, साइड प्लँक, पुल-अप. सुरुवातीचे वजनाचे सेट जाणकार माणसाच्या नजरेखाली कर. चिऱ्यावरून उतरणं आणि उभ्याने टाकणं शाळेच्या शेडमध्ये किंवा घराच्या पडवीतही होतं. पाऊस उघडला की सड्यावरच्या सौम्य चढणीवर वीस-तीस मीटरचे सहा स्प्रिंट, मध्ये पूर्ण विश्रांती. किनाऱ्यावर धावायचं तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूत. मऊ वाळूत दम वाढतो, वेग नाही. आणि किनारा उतरता असतो, एकाच दिशेने धावलास तर एकच गुडघा मार खातो.

चवथीच्या आधी आठवड्याला दोन दिवस, अर्ध्या स्टार्टवरून चोवीस-चोवीस चेंडू. चवथीचे पाच-सात दिवस मजेत घालव, नेवऱ्या खा. त्यानंतर हळूहळू वाढवत ऑक्टोबरच्या शेवटी पूर्ण स्टार्टवर ये. दिवाळीला मैदान सुकलं म्हणून कपाटातून स्पाइक काढून पहिल्याच दिवशी दहा षटकं टाकणारी मुलं मी दरवर्षी बघतो. डिसेंबरमध्ये तीच पाठ धरून बसलेली असतात.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. पेज, नाचणी, शीत-कडी, बांगडा, अंडी, कडधान्य, एवढ्यावर तुझं वजन वर्षात चार-पाच किलो वाढायला हवं. डब्यातल्या पावडरीमागे धावू नकोस. आपल्या दमट हवेत घाम फार जातो. सरावाआधी आणि नंतर वजन कर. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. मीठ घातलेली पेज किंवा लिंबू-मीठ-साखर पाणी पुरतं.

आणखी एक. आपल्या विकेट मंद आणि खाली राहणाऱ्या. कप्तान पाच षटकांनी फिरकीपटू आणतो. तुला त्या पाच षटकांत दिसायला हवं. म्हणून सीम, म्हणजे चेंडूची शिवण, उभी ठेव: दोन बोटं सीमच्या दोन्ही कडांना, अंगठा खाली सीमवरच, चेंडू आणि तळहातामध्ये फट. घामाने हात निसरडा होतो, रुमाल कमरेला लाव.

वेग मोजायला स्पीड गन नको. मोबाइल 240 फ्रेमच्या स्लो मोशनवर लाव, फुलटॉस टाक, आणि हातातून सुटल्यापासून पलीकडच्या स्टम्पच्या रेषेपर्यंतच्या फ्रेम मोज. पॉपिंग क्रीजपासून ते अंतर 18.9 मीटर. 150 फ्रेम लागल्या तर सरासरी वेग ताशी 109 किलोमीटरच्या आसपास, 143 वर आलास तर 114. हवेत चेंडू मंदावतो म्हणून गनवर याहून थोडा जास्त दिसेल. महिन्यातून एकदाच मोज, त्याच जागी, त्याच चेंडूने.

सहा आठवड्यांनी मला पुन्हा व्हिडिओ पाठव. या वेळी मोबाइल मिडऑफला नको. क्रीजच्या रेषेत, वीस पावलं बाजूला, तिवईवर कमरेच्या उंचीला ठेव, म्हणजे डावा गुडघा आडवा नीट दिसेल. आणि स्पेल संपल्यावर क्रीजवर तुझ्या डाव्या पायाने जमिनीत केलेल्या खुणेचा एक फोटो काढ, शेजारी चेंडू ठेवून.